सुरतची गाडी अमळनेरला आणताना

सुरतची जुनी वॅगन आर फोटोत झकास होती, भावही परवडणारा. पण एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर कर्जाचा बोजा तसाच! विकणारे म्हणाले, ‘हप्ते कधीच फिटले, भाई.’ फिटले असतील. आरसी बुकावरून फायनान्सवाल्याचं नाव उतरलं नव्हतं ना.

मी फक्त टोकन दिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहून घेतलं: फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) देऊन आधी बोजा उतरवा, मग बाकीचे पैसे. जरा कुरकुरले, पण केलं.

तोवर उधन्यात राहणारा मावसभाऊ मेकॅनिक घेऊन गेला. (खान्देशातल्या कोणाचं तरी कोणी सुरतला असतंच.) इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांगितलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण २००६ च्या पुरापासून सुरतची गाडी म्हटलं की मला तापीचा गाळच आठवतो. बेल्टची टोकं कोरडी, कार्पेटखालीही गंज नाही. भाऊचा फोन आला, ‘गाडी चांगली शे, ली ले.’

राज्य बदलतं म्हणून आरटीओची वेगळी, फॉर्म २८ ची एनओसी लागतेच. त्यावर चासी नंबरचा पेन्सिलीने घासून काढलेला ठसा असतो. तो पुसट आला की कागद परत, म्हणून मेकॅनिककडूनच दोन-तीन जास्तीचे काढून घेतले. एनओसी हातात आल्यावर उरलेले पैसे बँकेतून पाठवले, रोख नाही.

महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरूनच भाव ठरवला होता. आता जळगावची एमएच १९ ची पाटी लागली आहे.