थर लावण्याआधी मानेची तयारी

गुरुपौर्णिमेला दहीहंडीच्या सरावाचा नारळ फुटला की प्रत्येक गोविंदा पथकात टी-शर्ट, ट्रक आणि सलाम्यांचे नियोजन सुरू होते. त्याच बैठकीत मानेच्या दुखापतीची तयारीही ठरवून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. थर कोसळतो तेव्हा वरचा गोविंदा डोक्यावर पडू शकतो आणि खालच्याच्या मानेवर वरच्यांचे वजन आदळते. मानेत सात मणके असतात. माथ्यावर सरळ भार आला तर पहिल्या मणक्याचे कडे फुटू शकते, आणि मान पुढे दुमडून दबली तर पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या आसपासचा भाग चिरडतो. मात्र मणका मोडला म्हणजे आतल्या मज्जारज्जूला इजा झालीच असे नसते. पडताना वाचलेला मज्जारज्जू उचलताना दुखावू नये, यासाठीच पुढची सगळी तयारी आहे.

सर्वप्रथम नावांची यादी तपासावी. १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, असे राज्य सरकारने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितले आहे, तेव्हा एक्क्याच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गोविंदाच्या, वयाचा दाखला हातात घेऊनच नाव लिहावे. ज्याची मान आधीच दुखते, हाताला मुंग्या येतात किंवा सकाळी उठल्यावर पाठ बराच वेळ आखडलेली राहते, त्याला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय थरात उभे करू नये. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार ऐन तरुणपणी सुरू होतो आणि त्याने ताठ झालेली मान किरकोळ पडण्यानेही मोडू शकते. सरावाला जाड गाद्या हव्यात, एक्क्याला सेफ्टी बेल्ट आणि वरून धरलेला दोर हवा. हेल्मेट जरूर द्यावे, परंतु ते कवटी वाचवते, मान नव्हे, हे पालकांनाही स्पष्ट सांगावे.

आता प्रत्यक्ष अपघाताची तयारी. थर लावणाऱ्यांखेरीज किमान पाच जण आधीच नेमून ठेवावेत, आणि त्यांपैकी डोके कोण धरणार हे नावानिशी ठरलेले असावे, कारण पुढचा प्रत्येक हुकूम त्यानेच द्यायचा असतो. त्याने जखमीच्या डोक्यामागे गुडघे टेकून, कोपरे जमिनीला लावून, दोन्ही तळवे डोक्याच्या दोन बाजूंना ठेवावेत. कान झाकू नयेत, म्हणजे जखमीला ऐकू येते. "मान हलवून उत्तर देऊ नकोस, तोंडाने बोल," हे त्याला पहिल्यांदा सांगावे. मान ओढू नये. ती वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत किंवा अडत असेल तर आहे तशीच धरावी. कुशीवर वळवावेच लागले तर तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरून, डोके धरणाऱ्याच्या आकड्यावर, लाकडाचा ओंडका फिरवावा तसे सगळे अंग एकदम फिरवावे आणि पाचव्याने पाठीखाली स्पाइन बोर्ड, म्हणजे जखमीला सरळ ठेवणारी ताठ फळी, सरकवावी. खांद्यावर टाकून गर्दीतून पळत नेणे, बसवून पाणी पाजणे, रिक्षात कोंबणे, हे सगळे प्रेमापोटी होते आणि त्यानेच हातपाय कायमचे जाऊ शकतात. डीजे बंद करायला लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही आयोजकांशी आधीच बोलून ठेवावे.

श्वास मात्र मानेपेक्षा आधी. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूला, जाणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात, म्हणून छाती न हलता केवळ पोट वरखाली होत असेल तर ती धोक्याची खूण समजावी आणि १०८ वर फोन करताना तसे सांगावे. श्वास अडकत असेल तर डोके मागे न झुकवता जबडा पुढे ढकलावा.

पडून उठलेला, स्वतः चालत आलेला गोविंदाही सुटला असे मानू नये. मानेच्या मधोमध हाडावर दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या, बधिरपणा असेल तर त्याला जागीच आडवे करावे. साध्या एक्स-रेत असे फ्रॅक्चर निसटू शकते, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय मार्गावर कुठे आहे ते आदल्या दिवशी लिहून ठेवावे. रक्तगट, घरचा नंबर, चालू औषधे आणि विम्याची प्रत प्रत्येकाच्या नावाने पिशवीत असावी. विमा सरावाच्या दिवसांनाही लागू आहे का, हे वाचून घ्यावे.

उपचार फ्रॅक्चर किती स्थिर आहे यावर ठरतात. स्थिर असेल तर कडक कॉलर काही आठवडे ते तीन महिने पुरते. स्पंजचा मऊ पट्टा ते काम करत नाही. अस्थिर असेल तर कवटीला पिनांनी बसवलेली हॅलोची कडी किंवा प्लेट-स्क्रूची शस्त्रक्रिया लागते, आणि मज्जारज्जू दबला असेल तर तो दाब शक्य तितक्या लवकर, साधारण पहिल्या २४ तासांत काढलेला चांगला. म्हणूनच संमतीपत्रावर सही करू शकणाऱ्या नातेवाइकाला घेऊन येण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर सोपवावी. पुढे पुनर्वसन लागले तर मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. घरी आल्यावर कॉलर आपल्या मनाने काढू नये, त्याखालची त्वचा रोज कुणीतरी पाहावी, आणि शल्यचिकित्सकाची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्या गोविंदाचे नाव पुढच्या सरावाच्या यादीत घालू नये.