शेवटच्या सभासदाची दोनशे बिलं

आमच्या गावच्या दूध संस्थेचं बिलाचं सॉफ्टवेअर मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय. दर दहा दिवसांनी बिलं निघतात. पहिल्याच खेपेला प्रिंटर सुरू झाला आणि सचिव ओरडले, "अरे, ही सगळी एकाच माणसाची कशी?" दोनशे कागदांवर शेवटच्या सभासदाचं नाव, त्याचंच लिटर, त्याचंच फॅट. डेटाबेसमधल्या नोंदी तर चोख होत्या.

घोळ असा होता. 'संकलन' नावाचा क्लास, म्हणजे एका नोंदीचा साचा, केला होता: सभासद क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक). त्या साच्यातून घडणारा ऑब्जेक्ट मी व्हाइल लूपच्या (ओळी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा भाग) वर एकदाच 'न्यू' केला, म्हणजे नवा बनवला. लूपमध्ये डेटाबेसमधून येणाऱ्या दर ओळीला त्यातले आकडे बदलायचो आणि तोच लिस्टमध्ये टाकायचो. जावात लिस्टमध्ये ऑब्जेक्टची नक्कल जात नाही, त्याचा पत्ता जातो. एकच कॅन वहीत दोनशे वेळा लिहिला. शेवटी ज्याचं दूध ओतलं, तेच सगळीकडे दिसलं. म्हणून 'न्यू'ची ओळ लूपच्या आतच हवी, अगदी पहिली.

लूप चालतो 'नेक्स्ट()'वर. रिझल्टसेट, म्हणजे डेटाबेसने दिलेल्या ओळींचा संच, सुरुवातीला पहिल्या ओळीच्या आधी उभा असतो, तेव्हा पहिली ओळ वाचायच्या आधीही 'नेक्स्ट()' लागतोच. कॉलम नावाने वाचा. क्रमांकाने वाचायचेच असतील तर मोजणी 1 पासून आहे, अ‍ॅरेसारखी 0 पासून नाही.

किती ओळी येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे ठरावीक लांबीचा साधा अ‍ॅरे नको, अ‍ॅरेलिस्ट घ्या, ती लागेल तशी वाढते. अ‍ॅरेच हवा असेल तर शेवटी 'टूअ‍ॅरे' आहेच. काहीजण आधी ओळी मोजायची वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मारतात आणि तेवढा अ‍ॅरे बांधतात. तेवढ्यात काट्यावर कुणी नवी नोंद टाकली की आकडा चुकलाच.

आता खरी पैशाची गोष्ट. फॅटचं मशीन बंद असलं की तो रकाना नल, म्हणजे रिकामा, राहतो. दशांश आकडा वाचणारा 'गेटडबल' मात्र नल न सांगता सरळ 0 हातात देतो, आणि दरपत्रकात 0 फॅटला भाव कुठला! शेतकऱ्याचं दूध फुकटात जातं. 'गेटडबल'नंतर लगेच 'वॉझनल()' (आत्ता वाचलेला रकाना नल होता का) विचारा. मध्ये दुसरा कॉलम वाचलात तर उत्तर त्या कॉलमचं मिळेल. नल असेल ती नोंद मी बाजूला काढतो आणि सचिवांना दाखवतो. (रक्कम डबलमध्ये ठेवू नका, अचूक दशांशाचा बिगडेसिमल वापरा. पाच-दहा पैशांवरूनही आमच्याकडे भांडण होतं.)

एका सभासदाच्या दहा दिवसांत दोन वेळच्या मिळून वीस ओळी होतात. मी आधी दर सभासदामागे वेगळी क्वेरी मारत होतो. दोनशे सभासद म्हणजे दोनशे फेऱ्या, आणि संस्थेचा कॉम्प्युटर जुना. आता एकच क्वेरी, सभासद क्रमांक आणि तारखेच्या क्रमाने. ओळी लिंक्डहॅशमॅपमध्ये, म्हणजे टाकल्या क्रमाने किल्ली-किंमत जोड्या ठेवणाऱ्या रचनेत, टाकतो: किल्ली सभासद क्रमांक, किंमत त्याच्या 'संकलन' ऑब्जेक्टांची लिस्ट. 'कम्प्युटइफअ‍ॅबसेंट'ने लिस्ट नसेल तर ती तयार होते, असेल तर तीच मिळते. साधा हॅशमॅप घेतलात तर क्रमाची खात्री नाही, आणि बिलं वाटणारा क्रमानेच हाका मारतो.

प्रिंट सोडण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या बिलावरचा सभासद क्रमांक कन्सोलवर छापून बघा. दोन्ही सारखेच आले तर कागद घालू नका, 'न्यू' कुठे लिहिलंय ते बघा.