डिस्ट्रो नंतर ठरवा, आधी डिस्क तपासा

संस्थेला जुने संगणक देणगीत मिळाले की त्यांवर लिनक्सची कुठली डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती, टाकायची हे एकच सगळे विचारतात: मिंट, लुबुंटू की अँटीएक्स? या वादात आठवडे जातात. प्रोसेसर 64-बिट आणि रॅम 4 जीबी असेल तर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची कुठलीही डिस्ट्रो चालते. नुसतं 32-बिट मशीन मात्र सरळ नाकारा. 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या डिस्ट्रोनेही 32-बिटचा इन्स्टॉलर बंद केला आहे.

मला खरं छळलं ते हार्ड डिस्कने. डिस्कचा 'स्मार्ट' अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद, काढला की वर 'पास्ड' असं येतं. त्यावर विसंबू नका! उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडली जाईपर्यंत तो शेरा बदलत नाही आणि फाइल्स त्याआधीच जाऊ शकतात. खालच्या तक्त्यात 5, 197 आणि 198 या क्रमांकांच्या ओळी शोधा, आणि त्यांचा शेवटचा, 'रॉ व्हॅल्यू'चा रकानाच वाचा. 5 म्हणजे बाद होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), 197 म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले, 198 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. 197 शून्य नसेल तर त्या डिस्कवर संस्थेचे हिशेब ठेवू नका. 199 वाढत असेल तर बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा दोष असतो, ती बदलून बघा. हे सगळं लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे लिनक्स थेट पेनड्राइव्हवरूनच चालवून, इन्स्टॉल करण्याआधीच होतं. ते टाळू नका, कारण आजारी डिस्कवरही इन्स्टॉलेशन बिनबोभाट पार पडतं. मग काही दिवसांनी एक फाइल उघडायला मिनिट लागतं आणि ऑफिसभर बोभाटा होतो, "लिनक्स स्लो आहे."

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर छोटी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. मशीन इतकं बदलतं की तक्रार करणारेच ते मागायला येतात.

एक मशीन तयार करून बाकीच्यांवर क्लोन करणं, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल उतरवणं, मला पटत नाही. मशीनची ओळख सांगणारा मशीन-आयडी आणि दुरून सुरक्षित जोडणीसाठीच्या एसएसएचच्या किल्ल्याही सगळीकडे त्याच जातात. त्या प्रत्येक मशीनवर नव्याने बनवता येत असतील तरच करा.

मशीन मिळतील का, ही काळजी सोडा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप नसलेली, पण धडधाकट मशीन कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. काळजी माणसाची करा. स्वतःच टर्मिनल बडवून निघून जाणारा जाणकार नको. संस्थेतल्याच कुणाला तरी शेजारी बसवून अपडेट आणि बॅकअप त्याच्या हातून करून घेणारा हवा, आणि तो मिळेपर्यंत दोनच मशीन सुरू करा.