जुनी दुनळी बंदूक घेताय? चकाकीला भुलू नका

आधी कागद. परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक आकडा न आकडा जुळला पाहिजे. खाजगी विक्री असेल तर विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचे, असे 1959 चा शस्त्र कायदा सांगतो. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याचा नाद सोडा.

दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बोट घालून पाहा. मग पुढचे लाकूड, म्हणजे फोर-एंड, काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत दाबून नळ्या हलवा. टकटक आवाज आला तर सांधा झिजलाय. फोर-एंड लावून ही तपासणी करू नका, त्याच्या स्प्रिंगच्या ताणाने ढिलाई लपते. सांध्यातले घट्ट ग्रीसही आधी पुसून घ्या, तेही खेळ लपवते.

सुट्ट्या केलेल्या नळ्या मागच्या हुकाला दोरीने टांगून हलके ठोका. घंटेसारखा नाद हवा. भद्द किंवा खरखरता आवाज म्हणजे दोन नळ्यांमधली पट्टी सुटलीय. गोव्यात हे वरचेवर दिसते. पावसाळ्याची दमट हवा आणि किनाऱ्याकडचा खारा वारा त्या फटीतूनच आत शिरतो, आणि निवडणुकीत ठाण्यात जमा केलेल्या बंदुकीला तेवढे दिवस तेल कोण लावणार?

आता नळीचे आतले अंग. 'आरशासारखी चमकते, म्हणजे उत्तम' हा सल्ला ऐकला की राग येतो. गंजाचे खड्डे घासून काढले की नळी चमकतेच, पण तेवढे पोलाद जाते आणि भिंत पातळ होते. खड्डे दिसणारी जाड नळी परवडली, चकचकीत पातळ नळी नको. 12 बोअरच्या नळीचा आतला नाममात्र व्यास 0.729 इंच असतो. 1954 नंतरच्या ब्रिटिश बंदुकीवर प्रूफ करतानाचा, म्हणजे जादा दाबाचा बार उडवून नळीची अधिकृत चाचणी घेतानाचा, व्यास कोरलेला असतो, त्याआधीच्या बंदुकीवर 12 किंवा 13/1 असे आकडे. 13/1 म्हणजे 0.719 इंच. मागच्या टोकापासून 9 इंचांवर बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजायच्या साधनाने, माप घ्या. कोरलेल्या मापापेक्षा 0.010 इंच किंवा जास्त वाढले असेल तर ते प्रूफ गेले असे समजा. भिंतीची जाडीही बंदूक-कारागिराकडून गेजने मोजून घ्या. कुठेही 0.020 इंचापेक्षा कमी भरली तर बंदूक परत ठेवा. अंदाज, अंगठा, टॉर्च यांतले काहीही गेजची जागा घेत नाही. टॉर्चचा उपयोग पोचे शोधायला: उजेडाकडे धरून नळी फिरवा, आतल्या प्रकाशाची कडी जिथे मोडते तिथे पोचा.

नळीवर लाकडासारखी नक्षी दिसली तर ती दमिश्क, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, बहुधा काळ्या दारूसाठी केलेली. 'नायट्रो प्रूफ' (बिनधुराच्या दारूसाठी चाचणी झालेली) खूण नसेल तर आजची काडतुसे तिच्यात घालू नका. जुने चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, अनेकदा 2½ इंची (65 मिमी) असते. 70 मिमीचे काडतूस त्यात आरामात बसते, कारण तोंड दुमडलेले असते. उडताना दुमड उघडते, पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालले असे नाही.

दस्त्याला ॲक्शनच्या (चाप-घोड्यांची यंत्रणा असलेल्या धातूच्या भागाच्या) मागे तडा आहे का बघा, सेफ्टी लावून चाप ओढून बघा. घोडे पाडायचे तर स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालूनच.