सोलापुरात जुन्या वास्तूंचं काम शिकायचंय? माझा अनुभव सांगते

बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) करताना किंवा झाल्यावर "मला हेरिटेजमध्ये काम करायचंय" म्हणणारी पोरं-पोरी बऱ्याच भेटतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात आधी कॅफे किंवा गॅलरी तयार असते, म्हणजे वाडा घ्यायचा, प्लास्टर खरवडून दगड उघडा करायचा, पिवळे बल्ब लटकवायचे की झालं. मी सोलापुरात हेच काम करते म्हणून सांगते, तिथं काय चालवायचं हे सगळ्यात शेवटी ठरतं, आधी त्या वास्तूला काय झेपतं ते बघावं लागतं.

कसब्यातला एक दुमजली वाडा आमच्याकडे आला होता. मालकांना खाली चित्रांचं प्रदर्शन आणि वरच्या मोठ्या माडीवर नाटकाच्या तालमी, डान्स क्लास असं पाहिजे होतं. आता राहत्या घराची जमीन आपण चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून बघतो, पण जिथं फिक्स खुर्च्या नाहीत आणि माणसं गोळा होणार तिथं आयएस 875 (इमारतीवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक) प्रमाणे 500 किलो धरावे लागतात, म्हणजे थेट अडीचपट. वर तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासायची असतात, तिथं ओल धरते आणि वाळवी लागते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा, लोण्यासारखा आत गेला की ते लाकूड संपलं समजायचं. इथं तीन-चार टोकं तशीच निघाली. लोखंडी गर्डर घालून मालकांचा प्लॅन जमला असता, पण मग त्या सागवानी तुळया नुसत्या शोभेला उरल्या असत्या. म्हणून आम्ही उलटं केलं, तालमी खाली चौकात आणि सोप्यात (ओसरीत), वर चित्रकारांचा स्टुडिओ, आणि कुजलेली टोकं तेवढी कापून जुन्याच सागवानाचा सांधा दिला. टॉयलेट, पाण्याच्या लाइन जुन्या भिंतीपासून लांब मागच्या मोकळ्या जागेत, आणि नवीन पार्टिशन असं की उद्या काढलं तर मूळ भिंतीला ओरखडा नको.

आपल्याकडचा खरा विषय म्हणजे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकून केलेलं सपाट छत. दरवर्षी पावसाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर टाकायची पद्धत, आणि जुना थर काढत कुणीच नाही, त्यामुळं जाडी वाढतच जाते. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो! 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जड माळवदाखाली आणि आरपार दगड नसलेल्या दगड-मातीच्या भिंतींखाली किती माणसं गेली हे आपल्या भागात सांगायला नको. म्हणून आधी माती उतरवून वजन कमी करायचं, भिंतीत आरपार जोडदगड बसवायचे, मग रंगाचं आणि लाइटचं बघायचं. माळवद पूर्ण काढून स्लॅब टाका म्हणणारे भेटतील, त्यांचं लगेच ऐकू नका, हलकं करून नीट वॉटरप्रूफ केलेलं माळवद इथल्या उन्हाळ्यात खोली जेवढी गार ठेवतं तेवढी स्लॅब ठेवत नाही.

दुसरं म्हणजे चुना. आमचे मिस्त्री मामा पहिल्या दिवशीच म्हणाले, "मॅडम, ह्या भितीला सिमिट लावू नगा, आतली ओल कुटनं निगायची?" अगदी खरंय. सिमेंटनं ओल आत अडकते, मग क्षार बाहेर येऊन भिंतीला लोणा लागतो आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. चुना आधी काही आठवडे पाण्यात मुरवायचा, त्यात विटांची भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालून दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून मे महिन्यात भर उन्हात प्लास्टर केलं तर तडकणारच. आमच्याकडं हे काम दिवाळीनंतर आणि ओली पोती लावूनच होतं. स्वतः एक दिवस थापी हातात घ्या, ड्रॉइंगमध्ये काय लिहायचं ते तिथंच कळतं.

परवानग्यांचं थोडक्यात. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, त्यामुळं हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित, दुरुस्तीलासुद्धा आधी एनओसी लागते. क्लायंटला पहिल्याच मीटिंगला सांगून टाका.

शिकायचं म्हणाल तर नाटा ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क., मग कॉन्झर्व्हेशनमध्ये (जुन्या वास्तूंच्या जतनात) मास्टर्स, दिल्लीच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) गेट परीक्षा लागते, अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीची ॲडमिशन वेगळी. पण त्याआधी गावातलंच बघून घ्या. अप्पासाहेब वारदांचं राहतं घर इंद्रभुवन पुढं महापालिकेचं झालं, डॉ. कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं, दोन्हीकडं जाऊन कुठली खोली आधी कशाला होती आणि आता तिथं काय चालतं ते टिपून आणा. बाहेर जमलं तर फोर्ट कोचीचं ॲस्पिनवॉल हाऊस बघा, मसाल्याच्या व्यापाराची ही वखार 2012 पासून बिनालेसाठी (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) वापरली गेलीय आणि ती अजूनही वखारच वाटते.

आणि आमच्यासारख्यांकडं इंटर्नशिपला येणार असाल तर थ्रीडी रेंडर कमी आणा. आजीचं घर, शेजारचा बंद पडलेला मागाचा कारखाना, काहीही चालेल, टेप घेऊन स्वतः मोजलेला प्लॅन आणि सेक्शन (उभा छेद) पाहिजे, त्यावर कुठं तडा आहे, कुठं ओल आहे, कुठली तुळई वाकलीय हे लाल पेनानं दाखवलेलं पाहिजे, फोटो कधी काढला ती तारीखही पाहिजे. असा एक कागद आणला तरी आम्ही लगेच साइटवर घेऊन जातो.