आधी कान, मग हात: मोर्सच्या कॉन्टेस्टमध्ये उतरताना

कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायच्या रेडिओ स्पर्धेत, उतरायचंय पण मोर्सचा वेग पुरत नाही, असं सांगणारे नवे हॅम (हौशी रेडिओवाले) मला नेहमी भेटतात. वेग पुरतो हो. कमी पडते ती ऐकायची सवय. सीडब्ल्यूच्या, म्हणजे मोर्सच्या, कॉन्टेस्टमध्ये आपण पाठवतो ते किती? आपला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), एक रिपोर्ट (समोरचा कसा ऐकू येतो ते), एक आकडा. बाकी सगळा वेळ कान टवकारून बसायचं असतं. म्हणून पुढे जे सांगतेय त्यात हाताबद्दल थोडं आणि कानाबद्दल जास्त आहे.

परवाना हातात आहे, आपल्याला कोणते बँड (वारंवारतेचे पट्टे) आणि किती पॉवर चालते ते ठाऊक आहे, आणि मिनिटाला १५-१८ शब्दांच्या वेगाने आलेला कॉलसाइन कागदावर उतरतो, एवढं मी धरून चालते. यंत्रणा साधी चालेल. शंभर वॅट आणि उंच बांधलेली एक तारेची डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना). ४० मीटर बँडसाठी कापलेली डायपोल, म्हणजे साधारण २० मीटर तार, १५ मीटर बँडवरही चालते. हेडफोन मात्र हवाच, आणि फिल्टर ५०० हर्ट्झ किंवा त्याहून अरुंद. रात्री ४० मीटरवर मोठी स्टेशनं अंगावर आली की प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) बंद करा आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) मागे घ्या. आवाज लहान होतो, पण चिखलातून सिग्नल सुटे होतात. मला हे फार उशिरा कळलं.

सुरुवात मोठ्या कॉन्टेस्टने करू नका. के-वन-यूएसएन क्लबची स्लो स्पीड टेस्ट तासाभराची असते, शुक्रवारी २००० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) आणि सोमवारी ०००० यूटीसीला. वेग २० शब्दांच्या आत, आणि द्यायचं काय, तर नाव आणि राज्य किंवा देश. तिथे रुळलात की सीडब्ल्यूऑप्स या क्लबची सीडब्ल्यूटी. तीही एका तासाची, पण वेग बराच चढा. ही दोन्ही दर आठवड्याला होतात, त्यामुळे एक तास बिघडला तरी काही अडत नाही. मग मे महिन्याच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू डब्ल्यूपीएक्स आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड, दोन्ही ४८ तासांच्या. ३०, १७ आणि १२ मीटरवर कॉन्टेस्ट नसते. तिथे चुकूनही जाऊ नका.

आता प्रत्यक्ष एक क्यूएसओ, म्हणजे एक संपर्क, पाहू. नोव्हेंबरची कॉन्टेस्ट, १४ मेगाहर्ट्झ (२० मीटर). डायल हळू फिरवत मी वर सरकतेय आणि एक स्टेशन ‘टेस्ट’ (कॉन्टेस्टमधली हाक) म्हणत स्वतःचा कॉलसाइन देतंय. वेग असेल ३२. पहिल्या फेरीत मला फक्त शेवटची दोन अक्षरं मिळतात. ती कागदावर. कोणीतरी त्याला हाक मारतं, तो उत्तर देतो, ‘फाइव्ह एनएन’ (रिपोर्ट) आणि पुढे त्याचा झोन (जगाच्या विभागाचा क्रमांक). झोनही कागदावर. तो ‘टीयू’ (थँक यू) म्हणून पुन्हा कॉलसाइन देतो, आता पहिलं अक्षर आणि आकडा सापडतो. तिसऱ्या फेरीत सगळं एकदा पडताळून घेते. इतक्यानंतर मी माझा कॉलसाइन पाठवते, एकदाच, माझ्या वेगाने. तो माझा कॉलसाइन आणि ‘फाइव्ह एनएन’ त्याच्या झोनसकट देतो. मी ‘फाइव्ह एनएन’ आणि माझा झोन. तो ‘टीयू’. संपलं. हाक मारायच्या आधीच त्याच्याकडून हवं ते सगळं माझ्याकडे होतं, म्हणून ३२ च्या वेगाची भीती उरली नाही.

एनएन म्हणजे नऊ-नऊ. नऊसाठी एन, शून्यासाठी टी, कधी एकासाठी ए, अशी छाटलेली अंक-अक्षरं कानाला आधीच ओळखीची करून ठेवा. डब्ल्यूपीएक्समध्ये झोनऐवजी अनुक्रमांक असतो, पण तोही ऐकून ठेवता येतो. आधीच्याला २४७ दिला असेल तर तुम्हाला २४८ येणार. तरी कान उघडा ठेवा, कारण मधे कुणी डोकावून गेलेला असतो.

त्याने कॉलसाइन चुकीचा घेतला तर रिपोर्ट देऊ नका. फक्त आपला कॉलसाइन पुन्हा द्या, दोनदा, आणि दुरुस्त होईपर्यंत तिथेच थांबा. तो अर्धवट अक्षरं देऊन प्रश्नचिन्ह पाठवत असेल आणि ती अक्षरं तुमची नसतील, तर हात पॅडलवरून (मोर्सच्या किल्लीवरून) काढा. पाइलअपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला अनेक जण हाका मारत असताना, ही शिस्त पाळणारा मला जिंकणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. गर्दी असेल तर ट्रान्समिट वारंवारता शंभरेक हर्ट्झ बाजूला घ्या. स्पॉटवर (कोण कुठे आहे याची इंटरनेटवरची सूचना) क्लिक करून आलेले सगळे एकाच सुरावर चढलेले असतात, त्यांच्यातून वेगळा सूर चटकन उठून दिसतो.

स्पॉटचा विषय निघालाच आहे, तर माझी गोष्ट सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या कॉन्टेस्टमध्ये मी असिस्टेड गटात (जिथे स्पॉट वापरता येतात) होते. बँडमॅपवर (स्पॉटची पडद्यावरची यादी) नाव दिसलं की क्लिक, कॉलसाइन आपोआप लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदीत), रिपोर्टची देवाणघेवाण, एंटर. रविवारी रात्री आकडा पाहून हुरळून गेले होते. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला आणि त्यात चुकलेल्या कॉलसाइन्सची रांग होती. एकामागून एक पाहत गेले. एचच्या जागी पाच, व्हीच्या जागी चार, बीच्या जागी सहा. प्रत्येक ठिकाणी फरक एका डिटचा (मोर्समधल्या टिंबाचा). ३० शब्दांच्या वेगात डिट ४० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एच आणि पाच यांच्यात, मधली फट धरून, ८० मिलिसेकंदांचं अंतर. स्पॉट चुकीचा होता, पण ते स्टेशन तर माझ्या कानात वाजत होतं. मी ऐकलंच नव्हतं. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये चुकीच्या कॉलसाइनचा क्यूएसओ जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापतात. दुसऱ्या खंडातला क्यूएसओ तीन गुणांचा, म्हणजे तो गेला आणि आणखी सहा गेले. गुणांपेक्षा मला लागलं ते हे की समोरच्या माणसाला मी न ऐकता लॉगमध्ये लिहून टाकलं होतं. तेव्हापासून स्पॉट म्हणजे नुसता पत्ता. दारावरची पाटी मी स्वतः वाचते, मगच एंटर.

सरावाला मोर्स रनर हा फुकट प्रोग्रॅम घ्या. रोज दहा मिनिटं, आपल्या सवयीपेक्षा तीन-चार शब्द वेगाने. पाइलअप, फेडिंग, अर्धवट हाका, सगळं त्यात आहे. लॉगिंगला मी एन-वन-एमएम वापरते. कॉलसाइन आणि रिपोर्टचे संदेश एफ-कीजवर बसवून ठेवा, आणि कॉन्टेस्टआधी ते संदेश स्वतः ऐकून पाहा.

तुमचा पहिला मोठा कॉन्टेस्ट शनिवारी सुरू करू नका, रविवारी दुपारपासून बसा. तोवर मोठ्या स्टेशनांचे ओळखीचे सगळे संपलेले असतात. ‘टेस्ट’ पाठवून पाठवून ती थकलेली असतात, आणि नवा कॉलसाइन ऐकला की वेग उतरवून, दोनदा विचारून तुम्हाला घेतात. दिवसा २०, १५ आणि १० मीटर, सूर्य कलला की ४०, रात्री ८० आणि १६०. थोडा धीर आला की बँडच्या वरच्या भागात, जिथे गर्दी विरळ असते, एक मोकळी जागा शोधा, ‘क्यूआरएल?’ (ही जागा वापरात आहे का?) दोनदा विचारा आणि स्वतः ‘टेस्ट’ पाठवून बघा. पहिल्यांदा तीन जण एकदम आले की कुणाचंच धड ऐकू येत नाही. एक अक्षर पकडा, तेवढंच प्रश्नचिन्हासकट परत पाठवा. त्याचा क्यूएसओ पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुणाला घेऊ नका.

लॉग कॅब्रिलो फाइलमध्ये (कॉन्टेस्ट लॉगचा ठरलेला नमुना) काढायचा आणि पाठवायचा, वीस क्यूएसओ असले तरी. दुसऱ्यांचे लॉग तुमच्या लॉगशी पडताळले जातात. सीक्यू वर्ल्ड वाइडला पाच दिवसांची मुदत असते, पण कॉन्टेस्ट संपल्यावर यादी किंवा रेकॉर्डिंग पाहून कॉलसाइन दुरुस्त करायला तिथे मनाई आहे. म्हणून मी रविवारी २३५९ यूटीसीला शेवटचा ‘टीयू’ पाठवते, फाइल काढते, पाठवते, आणि मगच हेडफोन उतरवते.