सणाच्या गोडाधोडासाठी खास वाइन: शोधण्यापासून ओतण्यापर्यंतची तयारी

बाटलीच्या शोधाला लागण्याआधी ताटलीत काय काय असणार ते कागदावर उतरवून घ्या, आणि हे काम सणाच्या तीन आठवडे तरी आधी करा. नुसतं ‘केक, चॉकलेट, बिस्किटं’ असं लिहून भागत नाही. चॉकलेट किती टक्के कोकोचं, केकवर आयसिंग आहे की नाही, बिस्किटात लोणी पुढे आहे की आलं-दालचिनी, टार्टमधलं फळ आंबट की गोड, बदाम-अक्रोड खारवलेले की साखरेत घोळलेले, हे सगळं नोंदवा. प्रत्येक नावापुढे गोडीचा एक ते पाच असा आकडा टाका. ज्या पदार्थाला सगळ्यांत मोठा आकडा मिळेल, तोच तुमची वाइन ठरवणार. आवडती बाटली आधी आणायची आणि मग तिच्याबरोबर काय जाईल ते शोधत बसायचं, हा उलटा उद्योग बहुतेक वेळा फसतो.

जिभेचा हिशेब साधा आहे. गोड घास खाल्ला की ती त्या गोडीला सरावते, आणि पुढच्या घोटात त्याहून कमी गोडी असेल तर ती तिला जाणवतच नाही. मागे उरतो तो आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोलचा झणका. एरवी छान लागणारी ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाइन केकच्या तुकड्यामागून घेतली की लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी लागते ती यामुळे. म्हणून वाइन पदार्थाइतकी गोड हवी, शक्यतो किंचित जास्तच. ब्रूट, म्हणजे जवळपास ड्रायच असलेली शॅम्पेन केक कापताना उघडायची पद्धत जगभर आहे. फोटो चांगले येतात, चव दोन्हीची जाते. ब्रूटमध्ये लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी असते, केकपुढे तिचा काय टिकाव लागणार? ती खारवलेल्या, तळलेल्या पदार्थांसाठी राखून ठेवा. तिथे तिचे बुडबुडे आणि आंबटपणा तेलकटपणा कापतात, आणि ती खरोखर शोभते.

यादी तयार झाली की वाइनचं घराणं निवडायचं. क्रीम लावलेला हलका स्पंज, ताजी फळं, मेरांग (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून भाजलेला) अशा नाजूक गोष्टी असतील तर इटलीच्या पिएमोंते भागातली मोस्काटो दास्ती बघा. तिच्यात अल्कोहोल जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. आंबवण्याची क्रिया मध्येच रस थंड करून आणि गाळून थांबवतात, म्हणून द्राक्षाची साखर शिल्लक राहते आणि बुडबुडे मंद असतात. त्याच भागातली लाल ब्राकेत्तो दाक्वी स्ट्रॉबेरी किंवा मिल्क चॉकलेटबरोबर घ्यावी. मात्र गडद चॉकलेटपुढे दोघींचाही आवाज बंद होतो.

बदामाचे पदार्थ, कस्टर्ड, जर्दाळू किंवा पीचचे टार्ट असतील तर बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या वाइन. ऐकायला कसंसंच वाटतं, पण बोट्रायटिस नावाची ही बुरशी द्राक्षाच्या सालीला बारीक भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं, आणि साखर, आंबटपणा, स्वाद हे सगळं घट्ट होत जातं. फ्रान्समधल्या सोतेर्न भागात (तिथली वाइनही सोतेर्नच) सिरोन ही छोटी थंड नदी गारोनला मिळते, शरद ऋतूत सकाळी धुकं साचतं आणि दुपारी ऊन पडतं. बुरशीला धुकं हवं, द्राक्ष सुकायला ऊन. सगळी द्राक्षं एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे तोडणारे त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात. किंमत चढते ती इथे. हंगेरीची टोकाय आसू याच कुळातली, पण तिचा आंबटपणा जास्त धारदार असल्यामुळे गोडी अंगावर येत नाही. लेबलवरचा पुत्तोन्योशचा आकडा गोडीचा असतो: ५ असेल तर लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर, ६ असेल तर किमान १५०.

चॉकलेट, कॅरमेल, सुकामेवा, मनुका-अंजीर घातलेले काळपट केक, इथे फॉर्टिफाइड, म्हणजे वरून स्पिरिट घातलेल्या वाइनचं राज्य आहे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टमध्ये द्राक्षाचा रस अर्धवट आंबलेला असतानाच द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. यातही दोन वाटा आहेत, आणि दुकानात उभं राहून गोंधळ होतो तो याच ठिकाणी. रुबी आणि एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, उशिरा बाटलीत भरलेली) या लाल, फळांच्या चवीच्या. त्या गडद चॉकलेटबरोबर. टॉनी लहान पिंपांत वर्षानुवर्षं हवा खात मुरते, रंग विटकरी होतो, अक्रोड आणि जळक्या साखरेची चव येते. ती कॅरमेल, भाजलेले दाणे, लोण्याची बिस्किटं यांच्यासाठी. टॉनीवर १०, २०, ३० वर्षं असं लिहिलेलं असतं, ते बाटलीचं वय नव्हे. निरनिराळ्या पिंपांतल्या वाइन मिसळून जी चव साधली, तिचं ते वय. घरी दहा वर्षं ठेवून १०ची २० होत नाही. चारचौघांसाठी एकच बाटली घ्यायची आणि पदार्थ काय असतील याची खात्री नसेल, तर आमचं मत १० वर्षांच्या टॉनीला. ती फारशी कुणाशी भांडत नाही.

स्पेनची पेद्रो हिमेनेझ शेरी, तीही फॉर्टिफाइडच, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट. लिटरमागे ३००-४०० ग्रॅम साखर तिच्यात सहज असते. ती प्यायची कमी आणि आइस्क्रीमवर ओतायची जास्त. आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच गोठू देतात. जर्मनीत किमान उणे ७, कॅनडात उणे ८ अंश झाल्याशिवाय तोडणी नाही. पाण्याचा बर्फ प्रेसमध्ये राहतो आणि उतरतो तो नुसता अर्क. आंबटसर फळांच्या टार्टबरोबर ती सुरेख, चॉकलेटबरोबर वाया.

आलं किंवा तिखट मिरची घातलेलं काही असेल तर अल्कोहोलचा आकडा बघूनच घ्या. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. अशा वेळी २० टक्क्यांची पोर्ट नको, ८ टक्क्यांच्या आसपासची गोड जर्मन रिस्लिंग आउसलेसे (रिस्लिंग जातीच्या, निवडून तोडलेल्या पिकल्या द्राक्षांची) हवी.

आता लेबल. ते वाचता आलं नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात. शॅम्पेनवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ असेल तर ती ब्रूटपेक्षा गोड असते, आणि ‘सेक’ त्याहूनही गोड, जरी शब्दाचा अर्थ कोरडी असा असला तरी. केकसाठी ‘डेमी-सेक’ लागते. तिच्यात लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम. तीही साध्या स्पंजपुरतीच. जर्मन लेबलवर ‘ट्रॉकन’ म्हणजे ड्राय, पण ‘ट्रॉकनबेरेनआउसलेसे’ म्हणजे त्यांच्याकडची सर्वांत गोड वाइन. तिथे कोरडी झालेली आहेत ती द्राक्षं, वाइन नव्हे. ‘लेट हार्वेस्ट’ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) एवढ्यावर विसंबू नका, त्यात गोडी कमीजास्त असते. शब्द कळलेच नाहीत तर अल्कोहोलची टक्केवारी बघा: ५ ते ९ असेल तर साखर बरीच उरलेली असण्याची शक्यता मोठी, १७च्या वर असेल तर बहुधा फॉर्टिफाइड. मधले १२-१४ काहीच सांगत नाहीत. सोतेर्नही तिथेच असते आणि अगदी ड्राय वाइनही. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर ‘व्हेगन’ अशी खूण शोधा. वाइन निवळायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात.

विक्रेत्याकडे जाताना ती पदार्थांची यादीच खिशात ठेवा. ‘काहीतरी खास गोड द्या’ म्हणालात तर तो त्याच्याकडे पडून राहिलेलं देईल. ‘७० टक्के कोकोचं चॉकलेट आणि खारवलेले बदाम, आठ जण’ असं सांगितलंत तर त्याला विचार करावा लागतो. बाटली हातात घेऊन उजेडात धरा. बूच कडेपेक्षा वर आलेलं किंवा मानेवरून चिकट ओघळ गेलेला दिसला तर ती उष्णतेत राहिलेली आहे, सोडून द्या. काचेच्या खिडकीत उन्हात मांडलेली कुठलीच नको. गोड पांढऱ्या वाइनचा रंग गडद सोनेरी असला तर घाबरू नका, वयानुसार तो येतोच. मळकट तपकिरी आणि बिनचमकेचा असेल तर मात्र प्रश्न विचारा.

किती घ्यायची? जेवणातल्या वाइनचा हिशेब इथे लावू नका. माणशी ६० ते ७५ मिली पुरतं. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीत पाच-सहा जणांचं होतं, ७५० मिलीमध्ये दहा-बारा जणांचं. मोस्काटो हलकी असल्यामुळे ती दीडपट धरा. गोड वाइन बऱ्याचदा अर्ध्या बाटलीतच येतात आणि सणाच्या तोंडावर त्याच आधी संपतात, म्हणून तीन आठवड्यांची घाई. न पिणाऱ्यांसाठी पांढऱ्या द्राक्षांचा रस थोड्या लिंबाने आंबट करून त्याच ग्लासात द्या, आणि गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा.

आठवडाभर आधी एक रंगीत तालीम करा, आणि ही पायरी गाळू नका. एक अर्धी बाटली उघडा, मुख्य पदार्थाचा एक तुकडा घ्या. आधी नुसत्या वाइनचा घोट. मग घास तोंडात घ्या, चावा, आणि तो पुरता गिळायच्या आत, चॉकलेट जिभेवर अजून विरघळत असतानाच, दुसरा घोट. वाइन पहिल्यापेक्षा पातळ आणि आंबट लागली तर गोडी कमी पडते आहे. तोंड आवळलं, कडवट झालं, तर वाइनमधले टॅनिन (तुरटपणा आणणारे घटक) आणि कोकोचा कडूपणा यांची बेरीज झाली आहे. टॉनी किंवा पेद्रो हिमेनेझकडे वळा. नुसतीच गोडाची चिकटी उरली तर आंबटपणा कमी आहे. अशा वेळी वाइन न बदलता ताटलीत मीठ आणा. दोन खारवलेले बदाम किंवा निळ्या बुरशीच्या चीजचा कपटा बरेचदा सगळं सावरतो. तालमीत वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचातला दोष आहे. बाटली वाइनसकट परत न्या.

घरी आणल्यावर लांब बुचाच्या बाटल्या आडव्या, अंधारात. वर प्लास्टिक टोपीचं आखूड बूच असलेल्या टॉनी आणि शेरी उभ्याच ठेवा. व्हिंटेज पोर्ट (एकाच उत्तम वर्षाची, बाटलीतच मुरणारी) किंवा न गाळलेली एलबीव्ही असेल तर तिला सणाच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना मानेमागे टॉर्च धरा, एका संथ धारेत भांड्यात ओता, हात मध्येच मागे घेऊ नका; परत आडवीउभी झाली की गाळ ढवळतो. मानेत काळसर धुराची रेघ सरकताना दिसली की थांबा. तळाचे ५०-१०० मिली राहतील, ते जाऊ द्या. जुनं बूच स्क्रूने भुगा होतं, त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर बरा. तरी पडलंच तर चहाच्या बारीक गाळणीतून गाळून घ्या.

थंड करण्याचं गणित: मोस्काटो ६ ते ८ अंश, सोतेर्न-टोकाय ८ ते १०, टॉनी १२ ते १४, रुबी-एलबीव्ही १६च्या आसपास. फ्रिजमध्ये गोड पांढरीला तीन तास द्या, टॉनीला एक पुरे. वेळ नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं. नुसत्या बर्फात खडे बाटलीला पुरते टेकत नाहीत, पाणी सगळीकडून भिडतं, आणि अर्ध्या तासात काम होतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बूच उडतं किंवा बाटली तडकते. फार थंड वाइनचा वास मिटतो, कोमट झालेली गोड वाइन सरबतासारखी लागते. दोन्हींत गारठ्याकडे थोडी चूक झालेली परवडते, ग्लासात ती आपोआप सुधारते.

ग्लास छोटे हवेत, पण औषधाच्या मापाएवढे नकोत. तिसरा हिस्सा भरला तरी वर वास साठायला जागा उरली पाहिजे. एकाहून जास्त वाइन असतील तर हलकी आधी, दाट शेवटी. पेद्रो हिमेनेझनंतर मोस्काटो दिलीत तर ती पाणीच.

उरलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ती फ्रिजमध्ये ठेवा. मोस्काटोचे बुडबुडे दुसऱ्या दिवशीच उतरतात, तिच्यात फळं भिजवून टाका. सोतेर्न-टोकाय आठवडाभर, रुबी साधारण दहा दिवस, टॉनी तीन-चार आठवडे. व्हिंटेज पोर्ट मात्र दोन दिवसांत संपवलेली बरी. मदेरा ही पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची फॉर्टिफाइड वाइन बनतानाच उष्णता आणि हवा सोसून आलेली असते, म्हणून ती उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. वर्षातून दोनच सण असणाऱ्या घरात तीच आणून ठेवावी.